संयुक्त राष्ट्रांचं डिजिटल ग्रंथालय : नाव नको, क्रमांक टाका

डॉ. डेव्हिडसन निकोल हे नाव आपल्याकडच्या एम.ए. किंवा नेट-सेटच्या तयारीत सहसा येत नाही. सिएरा लिओनचा हा डॉक्टर मानवी इन्सुलिनमधल्या अमिनो आम्लांच्या क्रमावरच्या १९६० च्या शोधनिबंधाचा सहलेखक. पुढे फोरा बे कॉलेजचे प्राचार्य, मग संयुक्त राष्ट्रांत आपल्या देशाचे कायम प्रतिनिधी आणि सप्टेंबर १९७० मध्ये सुरक्षा परिषदेचे अध्यक्ष. अशा माणसावर काम करायचं, तर नांदेडला किंवा लातूरला बसून मूळ कागद हाती येण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं हे ऑनलाइन ग्रंथालय. खातं उघडायला नको, पैसे नकोत, पीडीएफ थेट उतरते.

अडचण पहिल्याच पायरीवर आहे. शोधपेटीत निकोल यांचं नाव टाकलं की त्यांची १९७० ची भाषणं हाती लागतील, असं वाटतं. लागत नाहीत, कारण वक्त्यानुसार केलेली भाषणांची सूची १९८३ पासूनची आहे. त्याआधीच्या माणसाला बैठकीच्या क्रमांकावरूनच गाठावं लागतं.

क्रमांक रोमन अक्षरांत टाकायचा. ‘ए’ म्हणजे आमसभा, ‘एस’ म्हणजे सुरक्षा परिषद, ‘आरईएस’ म्हणजे ठराव, ‘पीव्ही’ म्हणजे बैठकीचा शब्दशः वृत्तांत. उदाहरण घ्या. नोव्हेंबर १९७० मध्ये सिएरा लिओनच्या शेजारच्या गिनीवर पोर्तुगीज वसाहतीतून हल्ला झाला. त्यावरची परिषदेची बैठक १५५८ वी, म्हणून एस/पीव्ही.१५५८ (S/PV.1558). तिथून २३ नोव्हेंबरचा ठराव २८९ आणि ८ डिसेंबरचा ठराव २९० मिळतो. सिएरा लिओन १९७०-७१ मध्ये परिषदेचा सदस्य असल्यामुळे या वृत्तांतांत त्या देशाची बाजू सलग वाचता येते. बैठकीचा क्रमांकच माहीत नसेल, तर परिषदेच्या कामकाजाची वार्षिक सूची उघडावी. तिच्यात विषयापुढे बैठकांचे क्रमांक असतात. कंटाळवाणं काम, पण हमखास.

मतदानाची नोंद हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग. वसाहती संपवण्याचा आमसभेचा १४ डिसेंबर १९६० चा ठराव १५१४ बघा : बाजूने ८९, विरोधात एकही नाही, तटस्थ ९. ते नऊ कोण हेही दिसतं. ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल, अमेरिका सगळे त्यात. निबंधात एवढी एक नोंद घातली तरी परीक्षक दोनदा वाचेल.

फसायला होतं ते असं. १९७६ पर्यंत आमसभेच्या ठरावाच्या क्रमांकानंतर कंसात अधिवेशनाचा रोमन आकडा येतो. तो गाळला किंवा कंसाआधी मोकळी जागा सोडली की शोध भरकटतो. नामिबिया हे नाव आमसभेने १९६८ मध्ये दिलं, त्याआधीच्या कागदांसाठी ‘साउथ वेस्ट आफ्रिका’ टाकावं. जुने वृत्तांत स्कॅन केलेले, दोन रकान्यांचे. मजकूर उचलला की ओळी एकमेकींत मिसळतात आणि फाईलमधल्या शोधाला निम्मे शब्द सापडत नाहीत. म्हणून उताऱ्याचा पानक्रमांक आणि परिच्छेदक्रमांक डोळ्यांनी बघून हाताने टिपावा. मराठी नाहीच, हिंदीही नाही. कागद सहा अधिकृत भाषांत, तेही जुने असतील तर सगळे सहाही भाषांत मिळतीलच असं नाही. मोबाइलवर भाषेच्या फाईलींची यादी शोधताना वैताग येतो, संगणकच बरा.

सराव घरच्या विषयावर करावा. निजामाच्या सरकारने २१ ऑगस्ट १९४८ ला सुरक्षा परिषदेकडे तक्रारीची तार केली, तिचा क्रमांक एस/९८६. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत ती क्वचितच कुणी मूळातून वाचलेली असते.

या ग्रंथालयाला पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा गुण ‘आस्क डॅग’साठी आहे. न्यूयॉर्कच्या दाग हॅमरशोल्ड ग्रंथालयाच्या या मदतकक्षाला प्रश्न इंग्रजीत आणि नेमका विचारावा; वर्ष, देश आणि विषय तिन्ही लिहावेत.