तेराव्याचं जेवण बाहेर सांगितलं, त्याबद्दल

फोंडा भागात कुणाकडे असं कार्य असेल तर जेवणाची ऑर्डर घेणाऱ्या या केटररना बिनधास्त सांगा, फक्त पानं वाढायची वेळ अर्धा तास अलीकडची सांगा कारण उशीर हमखास होतो.

आमचे बाबा जुलैमध्ये गेले. त्याआधी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) फेऱ्या, त्यात आईचे गुडघे, सगळं आम्हा दोघी बहिणींवर, म्हणजे खरं तर ताईवर, कारण ती दुसऱ्या कुणाला कशाला हातच लावू देत नाही. गोळ्यांचा डबासुद्धा तीच भरणार. तेराव्याची सत्तर पानं पण घरीच रांधणार म्हणून हटून बसली होती, रात्री झोप नाही, धड जेवण नाही, आणि म्हणे बाहेरच्यांच्या हातचं बाबांना चालायचं नाही. शेवटी काकीने दम भरला तेव्हा कुठे कबूल झाली.

कबूल झाली तरी पहाटेच मागच्या पडवीत टायमिंगसकट यादी घेऊन हजर! यांची जी मुख्य रांधपीण आहे तिने यादी नीट वाचली, घडी घालून कमरेला खोचली आणि म्हणाली, "बाय, तूं आवयलागीं बस." (म्हणजे आईजवळ बस.) एवढंच विचारलं की बाबांना गोडाचं काय आवडायचं. मणगणं, असं ताईने सांगितलं आणि तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडली. तेरा दिवसांत पहिल्यांदा. ती बाई काही बोलली नाही, सुरण चिरत राहिली.

आता जेवणाचं. खतखतं एक नंबर, सुरण, नीरफणस, कच्ची पपई, शेंगा सगळं शिजूनही आख्खं, आणि तिरफळं बिया काढून शेवटी ठेचून घातलेली, त्यामुळे वास होता पण कडूपणा नाही. मणगण्यात नारळाचा रस दाट, चणाडाळ मऊ, गूळ मापात. वडे मात्र गार झालेले आणि सोलकढी पाणचट, तिचा एक स्टार कापला. ताईच्या यादीत सोलकढी नारळाच्या दुसऱ्या, पातळ रसाची नको असं ठळक लिहिलेलं होतं, हे ती अजून ऐकवते :)

पानाचा रेट थोडा जास्त वाटला पण वाढपी, केळीची पानं, भांडी घासणं सगळं त्यातच. ॲडव्हान्स जीपेवर घेतात. म्हाळाच्या पंधरवड्यात हवं असेल तर चतुर्थीच्या आधीच फोन करा, आणि सकाळीच करा, दुपारनंतर कुणी उचलत नाही.