दोन दिनारियस, दोन घराणी

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्या दिनारियसवर, म्हणजे चांदीच्या नाण्यावर, त्याचे दत्तक घेतलेले नातू, गायस आणि ल्युशियस, उभे आहेत. हात ढालींवर, मागे भाले, वर पुरोहितपदाची चिन्हं. हेच वारस, हे निरक्षर शिपायालाही कळावं! ल्युशियस इ.स. 2 मध्ये गेला, गायस इ.स. 4 मध्ये. नाणी मात्र थेट दक्षिण भारतात पोचली, इथे त्यांच्या नकलाही झाल्या.

सुमारे दोन शतकांनी रोमचा सम्राट झालेल्या सेप्टिमियस सेव्हेरसने पत्नी ज्युलिया डोम्ना, मुलगे कॅराकॅला आणि गेटा, सगळ्यांनाच नाण्यांवर आणलं. पण त्याने दिनारियसमधली चांदी जवळपास निम्म्यावर आणली. मला ऑगस्टसचंच नाणं सरस वाटतं: पेराएवढ्या जागेत अख्खा वारसाहक्क. 211 मध्ये कॅराकॅलाने गेटाचा जीव घेतला, शिलालेखांतून त्याचं नाव खोडवलं. लोकांच्या कनवटीला गेटाचा चेहरा राहिलाच.