घोंगडीच्या कापडाची बंडी: एक अख्खा हिवाळा वापरल्यावर

नाशिकची थंडी म्हणजे एका दिवसात दोन ऋतू. सकाळी स्कूटीवरून पिंपळगाव बसवंतला निघते तेव्हा पारा ८-९ अंशांवर असतो. निफाडकडे तर कधी कधी ५ च्याही खाली जातो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात येतोच. आणि दुपारी त्याच ठिकाणी २८-२९. फुगीर जॅकेट सकाळी छान वाटतं, पण अकरानंतर ते हातात घेऊन फिरावं लागतं. साडीवर स्वेटर घातला की माणूस थेट शाळेतल्या बाई दिसतो. मी आहेच शाळेत, पण ते लांबून कळायची गरज नाही.

म्हणून दिवाळीनंतर घोंगडीच्या कापडाची बिनबाह्यांची बंडी घेतली. बंद गळा, पुढे पाच लाकडी बटणं, आतून सुती अस्तर, लांबी कमरेच्या जरा खाली. किंमत साडेतीन हजारांच्या आसपास. मार्च उजाडेपर्यंत शाळेच्या जवळजवळ प्रत्येक दिवशी घातली.

सगळ्यात आधी ऊब. लोकर दख्खनी मेंढीची, मूळचीच काळी, रंगवलेली नाही. जवळून पाहिलं की काळ्या सुतात मधूनच एखादा जाड पांढरा केस उभा दिसतो. मेरिनो या मऊ लोकरीच्या मेंढीचा तंतू साधारण २४ मायक्रॉनच्या आतला असतो, हा त्याहून बराच जाड आणि राठ. त्यामुळे मऊपणाची अपेक्षाच ठेवू नका. पण ऊब मऊपणावर नसते, तंतूंच्या वळणांत अडकलेल्या हवेवर असते, आणि ती इथे भरपूर अडकते. छाती-पाठ गरम राहिली की हातांचं विशेष काही वाटत नाही. बाह्या नसल्याचा खरा फायदा दुपारी कळतो: बटणं उघडली की बंडी अंगातच राहते आणि घामही येत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही, त्याचा हा परिणाम असावा. स्कूटीवर मात्र काखेतून वारा शिरतो. गाडी चालवणाऱ्यांनी आत पूर्ण बाह्यांचा पातळ थर्मल घालावाच.

आता दिसण्याबद्दल, कारण घेतली मुख्यतः त्यासाठीच. घोंगडी विणणारे सनगर समाजाचे विणकर ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे कापडाला अंगचाच ताठपणा असतो. पहिले काही दिवस पुठ्ठा घातल्यासारखं वाटलं. पण त्याच ताठपणामुळे खांदे सरळ बसतात, बंडी पोटावर चिकटत नाही, दिवसभर बसून उठलं तरी चुणी पडत नाही. स्वेटरला हे कधीच जमत नाही. इरकलीवर आणि हातमागाच्या सुती साडीवर ती सर्वात शोभते: पदर पिनअप करून वरून बंडी, म्हणजे काठ खालून लांब दिसतो. खणाचा कुर्ता आणि जीन्सवरही झकास. गडद मरून, मोहरी, पांढरा हे रंग काळ्यापुढे उठून दिसतात. नेव्ही ब्लू मात्र मरगळलेला दिसतो. पैठणी किंवा शिफॉनवर चुकूनही घालू नका, राठ केसांत धागे अडकून ओढले जातात. लग्नात नेसायचीच असेल पैठणी, तर पश्मिन्याची किंवा साधी मऊ शाल बरी.

साडीत गारठा लागतो तो पायांना, हे बंडीवाले सांगत नाहीत. परकराखाली लोकरीची लेगिंग आणि बुटांत मोजे, एवढं केलं की वर बंडी पुरते. चपलेचा हट्ट असेल तर थंडीची तक्रार करू नये.

तक्रारी माझ्याही आहेत. गळ्याला अस्तर काठापर्यंत आणलेलं नव्हतं, त्यामुळे मानेला सतत टोचायचं. शिंप्याकडून मलमलचा गोट लावून घेतला तेव्हा सुटका झाली. दोन बटणं पहिल्याच महिन्यात निघाली. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर ‘हाताचं काम आहे ताई’ असं उत्तर आलं. विणकराचं काम उत्तमच होतं हो, शिवण कच्ची होती! सुरुवातीला केसही गळायचे, खुर्चीच्या पाठीवर सकाळी मांजर बसून गेल्यागत दिसायचं. आता कमी झालंय. उन्हाने खांद्यावरचा काळा रंग किंचित तपकिरी झालाय, तो मला आवडतो, सगळ्यांना आवडेलच असं नाही. आणि एकदा अवकाळीत भिजल्यावर मेंढीचा वास आला. अगदी खराखुरा. सावलीत वाळवल्यावर दोनेक दिवसांनी गेला.

किमतीवरून घरी बोलणी खाल्ली. पण मटणाला भाव आला आणि राठ लोकरीला राहिला नाही, त्यामुळे कातरलेली लोकर फेकून देणारे धनगरही आहेत. सूत कातणाऱ्या बायकांच्या हाताला यातून काही मिळत असेल तर पैसे जड वाटत नाहीत. मिळतं का, हे विकत घेताना विचारा. जो विणकराचं गाव सांगू शकत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. गिरणीत विणलेलं मिश्र कापडही ‘घोंगडी’ म्हणून खपवलं जातं. कडेचा एक धागा काढून जाळून पाहा: लोकर केस जळाल्यासारखी वासते आणि राख चिमटीत चुरा होते, कृत्रिम धाग्याची टणक गोळी होते.

धुवायची तर थंड पाण्यात, रिठ्याने, न पिळता. ठेवताना कसर लागू नये म्हणून पूर्ण वाळवून सुती कापडात गुंडाळून कडुनिंबाचा पाला घाला, आणि मे महिन्यात एकदा उन्हं दाखवा.