कायनेटिक होंडा डीएक्स: माझी पहिली गाडी, आमच्या पिथमपूरची

कायनेटिक होंडा या स्कूटरची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिचं बटण. अंगठ्याने दाबलं की गाडी सुरू. आजच्या मुलींना यात सांगण्यासारखं काय आहे, असं वाटेल. म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते.

माझ्या कॉलेजच्या दिवसांत इंदूरच्या मराठी घरांत स्कूटर म्हणजे गिअरची, आणि गिअरची म्हणजे पुरुषांची. कोणी तसा नियम केला नव्हता, गाडीची घडणच तशी होती. किक मारायला सगळं वजन एका पायावर टाकावं लागे, साडीत ते जमत नसे. थंडीत सुरू झाली नाही तर आडवी करायची, उभी करायची, परत किक. डाव्या हाताने क्लच दाबून तीच मूठ फिरवायची की गिअर पडणार, आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. बायकांच्या वाट्याला लूना. 1972 पासूनची, 50 सीसीची, कायनेटिकवाल्या फिरोदियांच्याच घरची. लूनाचे उपकार मी विसरणार नाही. माझ्यासारख्या कितीतरी जणी तिच्यावर बसून कॉलेजला गेल्या. पण मागे कोणी बसलं आणि समोर चढ आला की पेडल मारणं आलंच.

मग 1984 मध्ये कायनेटिक आणि जपानची होंडा एकत्र आले आणि ही गाडी निघाली. 98 सीसी, टू-स्ट्रोक, सेल्फ स्टार्ट, गिअर नाही, क्लच नाही, दोन्ही ब्रेक हातात. ज्या मुलीने सायकल चालवली होती तिला यात नवीन शिकण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं.

आणि ती बनत होती आमच्या पिथमपूरला! पत्ता धार जिल्ह्याचा असला तरी आम्ही इंदूरवाले पिथमपूरला आपलंच समजतो. माळरानावर तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते आणि पहाटे कंपन्यांच्या बसेस इंदूरहून माणसं भरून नेत. आमच्या राजेंद्रनगरातलेही काही जण त्यांत असायचे. मी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा शेजारचे भाऊजी म्हणाले, "वहिनी, बिनधास्त घ्या. ही आमच्या हातची आहे." त्यांच्या आवाजातला अभिमान मला अजून आठवतो. एरवी चांगली वस्तू म्हटली की ती मुंबई-पुण्याहून यायची.

1991 मध्ये बँकेच्या कर्जावर लाल डीएक्स घेतली. माझी शाखा सियागंजात होती. राजेंद्रनगरहून भंवरकुआ, नवलखा, छावणी करत सियागंज, हा रोजचा रस्ता. पहिला अर्धा सरळ एबी रोडचा, तिथे कोणतीही गाडी चालते. परीक्षा पुढे असते. सियागंजात हातठेले, पोती उतरवणारे हम्माल, मधेच आडवा लावलेला टेम्पो, म्हणजे दहा पावलं चाला आणि थांबा. गिअरच्या गाडीवर तिथे मनगट भरून येतं. कायनेटिकवर नुसती मूठ पिळायची, सोडायची, ब्रेक धरायचा. पाय जमिनीला टेकतात, साडी कुठे अडकत नाही.

हे कसं जमतं ते मला पहिल्यापासून समजून घ्यायचं होतं, आणि आमच्या कारीगराने गाडी उघडून दाखवलं. पुढे एक पुली, मागे एक पुली, मधे रबराचा बेल्ट. पुढच्या पुलीत छोटे रोलर असतात. इंजिन वेगाने फिरलं की ते बाहेरच्या बाजूला सरकतात, पुलीच्या दोन कडा जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. तिकडे मागची पुली तितकीच उघडते. म्हणजे गिअर सारखा बदलतच असतो, फक्त त्याला पायऱ्या नसतात. म्हणूनच मूठ पिळली की आधी इंजिनाचा आवाज चढतो, क्षणभराने गाडी निघते, आणि मग आवाज तोच राहून वेग वाढत जातो. या प्रकाराला व्हेरिओमॅटिक म्हणतात. आज रस्त्यावरच्या पेट्रोलच्या बहुतेक सगळ्या बिनगिअरच्या स्कूटर याच तत्त्वावर चालतात. इथल्या लोकांना त्याची सवय कायनेटिक होंडाने लावली, हे श्रेय तिला मिळायलाच हवं.

समोरची पाय ठेवायची जागा सपाट. त्या जागेने आमचा संसार वाहिला आहे. गॅसचं सिलिंडर, चक्कीवरून दळणाचा डबा, दिवाळीआधी राजवाड्यावरून आणलेलं सामान, आणि बरीच वर्षं हँडल धरून उभी राहिलेली माझी मुलगी. मागे सासूबाई. नऊवारीत, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या बसायच्या आणि बुधवारी आम्ही खजराण्याच्या गणपतीला जायचो. पहिल्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले होते. नंतर म्हणायला लागल्या, "अगं, जरा जोरात घे, दर्शनाची रांग लागेल." त्याआधी त्यांना देवळात जायचं तर घरातल्या कोणा पुरुषाला सवड मिळायची वाट बघावी लागे. गाडी आल्यावर आम्ही दोघींनी ठरवायचं आणि निघायचं.

श्रावणात आम्ही नवरा-बायको धारवरून मांडवला गेलो होतो. परतताना ह्यांनी चालवून बघितली आणि आपल्या मोटरसायकलचं नाव काढलं नाही.

आता पेट्रोलचं. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोल जास्त पितं, आणि ते त्याच्या कामाच्या पद्धतीतच आहे. जळालेला वायू बाहेर पडत असतानाच नवं मिश्रण आत येतं, त्यातलं थोडं न जळता धुराबरोबर निघून जातं. माझ्या हातात लिटरला चाळीसच्या आसपास मिळायचे. पुतणीची अ‍ॅक्टिव्हा फोर-स्ट्रोक आहे, ती जास्त देते आणि मागे निळा धूर सोडत नाही. पण गाडी उचलते कशी, असं विचाराल तर मी आजही कायनेटिकलाच वर ठेवीन. सिग्नल सुटला की ती ज्या हलकेपणाने पुढे जाते ते मला दुसऱ्या कोणत्या स्कूटरवर मिळालेलं नाही.

होंडाने 1998 मध्ये आपला हिस्सा विकला आणि पुढे स्वतःची वेगळी कंपनी काढली. 2008 मध्ये कायनेटिकचा दुचाकींचा धंदा महिंद्रांकडे गेला, पिथमपूरच्या कारखान्यासह. 2018 मध्ये जावा मोटरसायकल परत आली ती त्याच पिथमपूरहून, आणि मला फार बरं वाटलं. 2025 मध्ये कायनेटिकने बॅटरीवरची डीएक्स आणली, ठेवण जुन्या डीएक्सवरूनच घेतलेली. दिसायला गोड आहे. पुतणीला मी तीच घे म्हणून सांगितलंय.

माझी लाल डीएक्स अजून चालते. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, ती मी करत आले. बेल्ट, रोलर, प्लग मिळतात. बाहेरचे पत्रे-पॅनेल मिळणं मात्र कठीण झालंय, तेव्हा ते फुटू देऊ नका.

कोणाला जुनी घ्यायची असेल तर रंगावर जाऊ नका. थंड इंजिनावर सेल्फ मारून बघा. चालवताना आवाज चढतोय पण गाडी पुढे ओढत नाही असं वाटलं तर बेल्ट किंवा रोलर झिजलेत, त्यावर किंमत कमी करून घ्या. सायलेन्सर कार्बनने भरला असेल तर गाडी दमते, तो कारीगराकडून साफ करून घ्या. आणि एमपी 09 ची, म्हणजे इंदूरच्या नंबरची, एकाच घरात राहिलेली, कागद पूर्ण असलेली मिळाली तर घासाघीस करत बसू नका, लगेच घ्या.