मुलांच्या स्वरवाचनाचा संच: डब्यातलं काय कामाचं, काय नाही

हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या पद्धतीवर बेतलेले मुलांचे संगीत-संच निरनिराळ्या नावांनी मिळतात. आतला माल बहुतेक सारखाच: स्वर मांडायचा पाच रेघांचा फेल्टचा पट आणि टिकल्या, लय मांडायच्या काड्या, स्वर हाताने दाखवायच्या हस्तमुद्रांचा तक्ता, गाण्यांची कार्डं, ट्यूनिंग फोर्क (एकच ठरलेला सूर देणारा चिमटा), साथीचं रेकॉर्डिंग, कधी छोटं पट्टीवाद्य (सुरांच्या पट्ट्यांवर ठोकून वाजवायचं). यातलं निम्मं बाजूला ठेवलं तरी काही अडत नाही. पट मात्र नसेल तर संच घेऊच नये.

पटावर दोन रेघांमधलं अंतर तीन सेंटिमीटरच्या आसपास असावं आणि टिकलीचा व्यास बरोबर तेवढाच. लहान टिकली दोन रेघांच्या मध्ये तरंगते, मोठी दोन्ही रेघांवर चढते, आणि ती रेघेवर आहे की घरात (दोन रेघांमधल्या जागेत) हे मुलाला ठरवता येत नाही. वहीत अक्षर रेघेला टेकून लिहायची सवय असते; इथे रेघ टिकलीच्या पोटातून जाते. हा फरक बोटाने गिरवून दाखवावा लागतो, नुसतं सांगून भागत नाही.

या पद्धतीत सा रे ग म प ध नी यांना दो रे मी फा सो ला ती म्हणतात. नियम एकच द्यायचा: सो रेघेवर असेल तर मी खालच्या रेघेवर, सो घरात असेल तर मी खालच्या घरात. पुढे ला येतो, तो सोच्या लगेच वर. हे हाताला बसेपर्यंत क्लेफ (कोणती रेघ कोणत्या सुराची हे ठरवणारं चिन्ह) लावू नये, आणि सोची जागा सतत बदलत राहावी. ती एकच ठेवली की मुलं जागा पाठ करतात, अंतर वाचत नाहीत. रंगीत टिकल्यांचाही हाच तोटा. लाल म्हणजे दो हे चटकन कळतं, पण रंग गेला की वाचनही गेलं. काळ्या टिकल्या असलेला संच निवडावा.

सो–मी म्हणजे आपला प–ग. तिथून ला, मग दो आणि रे. हे पाच स्वर भूप रागाचेच. त्यांत अर्धस्वराचं अंतर कुठेच नाही, आणि लहान मुलांचा गळा घसरतो तो याच अंतरावर. म्हणून फा आणि ती हे स्वर असलेली कार्डं आरंभी सरळ काढून ठेवावीत.

कार्डं हा अशा संचांचा सर्वांत कच्चा भाग. छापायला सोपं म्हणून बरीचशी गाणी पांढरी एकच्या (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या) दोवर लिहिलेली असतात. मुलांसाठी हा दो खाली पडतो. ती गात नाहीत, पुटपुटतात. फोर्क ४४० चा (सेकंदाला ४४० कंपनं) म्हणजे पांढरी सहाचा असतो. तोच सो धरला की दो पांढरी दोनवर येतो, मी काळी तीनवर आणि ला पांढरी सातवर. एवढा पल्ला लहान गळ्याला मोकळा जातो. फोर्क टेबलावर आपटू नये, गुडघ्यावर मारून दांडी कानामागच्या हाडाला टेकवावी. पुरुष शिक्षकाचा आवाज एक सप्तक खाली असतो आणि काही मुलं तोच पकडायला जातात. अशा वेळी सुरात गाणाऱ्या एखाद्या मुलाला आधी गायला लावावं.

कार्डांवरची भाषांतरित गाणी मुळीच वापरू नयेत. सुरुवात मुलाच्या मातृभाषेतल्या लोकगीतांनीच व्हावी हा कोदाय यांचा आग्रह होता. भाषांतर टाळण्याचं एक कारण उच्चारात आहे. हंगेरियन शब्दांचा आघात नेहमी पहिल्या अक्षरावर, त्यामुळे तिथली गाणी ठोक्यावरच सुरू होतात. मराठी शब्द त्या चालीत कोंबले की दीर्घ अक्षर आखूड स्वरावर येतं आणि मूल शब्द मोडतं किंवा लय तरी. कार्डं स्वतः करावीत: ओळ ठोक्यावर सुरू होणारी, आठ ते सोळा ठोके, पल्ला सहा स्वरांच्या आत, एखादी ओळ परत येणारी.

गाणं आधी नुसतं कानाने आणि खेळत पक्कं व्हावं, मग स्वरांची नावं, मग काड्या, शेवटी पट. पहिल्याच दिवशी कार्ड समोर धरलं की मुलं स्वर सोडून अक्षरं वाचतात. पायांनी ठोका, टाळीने शब्दांची लय. दोन्हीसाठी टाळीच वापरली तर ता (ठोक्याला एक स्वर) आणि ती-ती (ठोक्याला दोन) यांची गल्लत झालीच म्हणून समजा.

काड्यांची संख्या मोजून घ्यावी. ता ला एक, ती-ती ला तीन, विरामाच्या झेड आकाराला तीन. म्हणजे आठ ठोक्यांच्या ओळीला एका मुलाला जास्तीत जास्त चोवीस.

हस्तमुद्रा मूळच्या इंग्लंडमधल्या जॉन कर्वेन यांच्या, एकोणिसाव्या शतकातल्या. तक्त्यात सगळे हात एकाच ओळीत काढले असतील तर तो निरुपयोगी. दो कमरेशी, वरचा दो डोक्याच्या वर, ही चढण दिसायला हवी. मुद्रेचं अर्धं काम उंचीच करते.

सरगम शिकलेल्या मुलांची एक अडचण पुस्तिकांत सहसा नसते. दो सरकता (कोणत्याही पट्टीवर धरता येणारा) असल्याने तो आपल्या सासारखा वाटतो, पण जुन्या हंगेरियन चाली बऱ्याचदा ला वर विसावतात. ला दो रे मी सो हे सरगमीत धानी रागाचे स्वर, आणि तिथे विसाव्याला सा म्हणायचं. दोन्ही नावं एकाच तासात कधीही मिसळू नयेत.

साथीचं रेकॉर्डिंग लावू नये. मूल त्याच्या मागे लपतं आणि चुकलेलं ऐकू येत नाही. पट्टीवाद्याच्या पट्ट्या सुट्या होत असतील तरच ते ठेवावं आणि फा, तीच्या पट्ट्या काढून द्यावं. खिळ्यांनी ठोकलेल्या पट्ट्यांचं असेल तर फोर्कशी ताडून पाहावं. जुळलं नाही तर ते वर्गात आणू नये.