सोलापूरचे जुने कागद टेसरॅक्टला झेपतात का?

टेसरॅक्ट हे पानाच्या चित्रातून मजकूर ओळखणारं (ओसीआर) सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, मराठी वाचतं आणि त्याला इंटरनेट लागत नाही. एवढ्यावर भाळून जुनी पत्रकं, मंडळांचे अहवाल नि लग्नपत्रिका त्याच्यापुढे टाकल्या, तर गाडी पहिल्याच पानावर अडते. सोलापूरचा कागद एका भाषेत बसत नाही ना! शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली या तेलुगूभाषक विणकर समाजाच्या पत्रिकेत मराठीशेजारी तेलुगू असते, दुसऱ्या एखाद्या पत्रकात कन्नड किंवा उर्दू.

भाषा जोडून देता येतात, पण तीन-चार एकदम दिल्या की वेग मंदावतो आणि तेलुगू ओळीत कन्नड अक्षरं घुसतात, इतक्या त्या लिप्या सारख्या. त्यापेक्षा पानाचे लिपीवार तुकडे कापा, प्रत्येकाला एकच भाषा द्या आणि पानाच्या मांडणीचा पर्याय (psm) 6 क्रमांकाचा ठेवा, म्हणजे तो तुकडा सलग मजकूर धरला जातो. हातलिखाईच्या शिळाछापी उर्दूसाठी मात्र याच्या नादी लागू नका, सरळ टाइप करा.

स्कॅन 300 डीपीआयला, बारीक टायपाला 400, आणि ग्रेस्केलमध्येच. थेट काळं-पांढरं केलं की तेलुगूच्या पायाशी लटकणारी जोडाक्षरं उडतात. पातळ कागदावर मागची छपाई उमटत असेल तर पानामागे काळा कागद ठेवावा. पांढऱ्यानं ती जास्तच दिसते. इन्स्टॉल करताना बहुधा भाषेची वेगवान फाइल येते. 'बेस्ट' नावाची वेगळी उतरवून घ्या. ती हळू चालते, पण अचूक वाचते.

तरीही घ-ध, भ-म, ष-प हे घोळ होतातच. खरा फटका आडनावांना बसतो. येमूल, गाजूल, चिलवेरी अशी आडनावं ओळखीच्या मराठी शब्दांकडे झुकतात, आणि घराण्यांचा माग काढायचा तर नेमकी तीच हवी असतात. तेव्हा नावांच्या याद्या मूळ पानाशी ताडल्याशिवाय वापरू नयेत.

शोधतानाची मेख वेगळीच. 'कारभाऱ्यांनी' मधला 'ऱ्या' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी साठवला जातो, डोळ्यांना फरक दिसत नाही. शोधात शब्द सापडला नाही म्हणजे कागदात नाही, असं धरू नका; आधी सगळ्या फाइलींत एकच तऱ्हा करून घ्या.

निकाल पीडीएफमध्ये घ्या, पानाच्या चित्रामागे न दिसणारा, शोधता येणारा मजकूर राहतो. छापील मराठीला चार तारे, मिश्र पानांना दोन. मोडीची अधिकृत भाषा-फाइलच नाही, तिला वाचणारा माणूस लागेल.