नोबडी नोज, ट्रीलेस माउंटन की अ ब्रँड न्यू लाइफ, आधी कुठला बघायचा?

आईबापांनी टाकून दिलेल्या पोरांवरचे हे तिन्ही पिक्चर एकाच वीकेंडला उरकायचा प्लॅन असेल तर राहू द्या, मी केलाय तो उद्योग, सोमवारी ऑफिसात नुसता स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

सगळ्यात जड म्हणजे जपानी दिग्दर्शक कोरेएदाचा नोबडी नोज (2004). 1988 ला टोकियोत खरंच उघडकीला आलेल्या प्रकरणावरून सुचलेला. आई थोडे पैसे आणि चिठ्ठी ठेवून निघून जाते आणि 12 वर्षांचा अकिरा तीन भावंडांना सांभाळत बसतो, पुढे लाइट जाते, पाणी जातं, मग बागेतल्या नळावर धुणी. रडारड जवळपास नाहीच आणि तेच जास्त छळतं. धाकटी युकी वाढदिवसाला हट्ट करते की आईला आणायला स्टेशनवर जायचं, एरवी घराबाहेर पडायची बंदी असलेली ती पोरगी रात्री रस्त्यावरून चालते आणि पायात ते पी-पी वाजणारे बूट, आपल्याकडे पण लहान पोरांना घालतात ना तसलेच. तो आवाज अजून डोक्यातून जात नाही. अकिरा झालेल्या युया यागिराला कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये बेस्ट ॲक्टर मिळालं, वय 14.

ट्रीलेस माउंटन (2008, दक्षिण कोरिया) त्यामानाने हलका, दीड तासात संपतो. आई दोन बहिणींना आत्याकडे सोडून जाते, पैसे साठवायचा गल्ला हातात देते आणि सांगते हा भरला की येईन. पोरी टोळ भाजून विकतात, आणि मग कहर म्हणजे गल्ला लवकर भरावा म्हणून मोठी नाणी मोडून चिल्लर करून आणतात! हसू येतं आणि लगेच स्वतःचाच राग येतो.

अ ब्रँड न्यू लाइफ (2009) मधली जिन्ही मात्र गप्प बसणारी नाही. 1975 सालचा कोरिया, बाप नवे कपडे घेऊन देतो आणि कॅथलिक अनाथाश्रमात सोडून जातो. घरातल्या तान्ह्या बाळाला सेफ्टी पिन टोचली म्हणून आपल्याला इथे टाकलं असं तिने मनाशी धरलेलं असतं. दिग्दर्शिका ऊनी लकोंत स्वतः 9 वर्षांची असताना कोरियातून फ्रान्सला दत्तक गेलेली, म्हणून असेल, पण चिडलेलं पोर इतकं खरं मी दुसऱ्या दोघांत नाही बघितलं.

माझं मत विचाराल तर सुरुवात ट्रीलेस माउंटनपासून करा, एकच बघणार असाल तर अ ब्रँड न्यू लाइफ. नोबडी नोज शेवटी, आणि प्लीज रात्री झोपायच्या आधी नको.